गेटवूड आजींचे गाठोडे

१९५५ सालच्या मे महिन्याची ३ तारीख. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील माउंट ओगलथॉर्प या डोंगरावरून सदुसष्ट वर्षांच्या एक बाई उत्तरेकडे चालू लागल्या. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, हातात काठी आणि एका खांद्यावर जीन्सच्या जाड कापडाची, तोंडाशी नाडी ओवलेली, घरी शिवलेली पिशवी. जिथे पोहोचायचे होते ते माउंट कटाडिन हे शिखर मेन राज्यात, सुमारे २,०५० मैलांवर, म्हणजे जवळपास ३,३०० किलोमीटर दूर होते. वाटेत चौदा राज्ये होती. अकरा मुले आणि तेवीस नातवंडे असलेल्या या बाईंनी घरी एवढेच सांगितले होते की, जरा फिरायला जाऊन येते. कुठे आणि किती, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

एमा गेटवूड हे त्यांचे नाव. पुढे साऱ्या अमेरिकेने त्यांना ‘ग्रँडमा गेटवूड’ म्हणजे गेटवूड आजी म्हणून ओळखले. अॅपलेशियन ट्रेल ही दीर्घ डोंगरवाट एकाच हंगामात, एकटीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. परंतु डोंगरात भटकणारी मंडळी आज त्यांचे नाव घेतात ते या विक्रमाइतकेच त्या पिशवीसाठी. अनेक दिवसांच्या रानवाटेला निघताना पाठीवर काय घ्यावे, याची चर्चा आजही त्यांच्या गाठोड्यापाशी येऊन थबकते.

ते गाठोडे उलगडून पाहण्याआधी ते वाहणारा खांदा कोणत्या मुशीत घडला, हे पाहायला हवे.

ओहायो राज्याच्या गॅलिया परगण्यात २५ ऑक्टोबर १८८७ रोजी एमा रोवेना कॉल्डवेल हिचा जन्म झाला. आईबापांना पंधरा अपत्ये. वडील ह्यू हे अमेरिकी यादवी युद्धातून पाय गमावून परतलेले सैनिक. घर शेतकऱ्याचे आणि ओढग्रस्तीचे. एकेका खाटेवर चौघी-चौघी भावंडांनी झोपायचे, पहाटेपासून शेतात राबायचे, वेळ उरला तर शाळेत जायचे. शालेय शिक्षण आठवीपाशी थांबले. वाचनाची गोडी मात्र आयुष्यभर पुरली. हाती लागेल ते पुस्तक त्या वाचीत, कविताही लिहीत. रानातल्या वनस्पतींचे ज्ञान त्यांनी याच वयात कमावले. कोणता पाला खाण्याजोगा, कोणते मूळ औषधी, कोणते फळ टाळायचे, हे त्यांना पाठ होते. पुढे पिशवीतले कितीतरी वजन या ज्ञानाने कमी केले. पण त्या वेळी तो परिस्थितीचा रेटा होता, एवढेच.

१९०७ साली, एकोणिसाव्या वर्षी, पेरी गेटवूड याच्याशी त्यांचे लग्न झाले. नवरा शिकलेला, काही काळ शाळामास्तरकी केलेला, पंचक्रोशीत वजन असलेला. लग्नानंतर काही महिन्यांतच त्याने पहिल्यांदा हात उगारला. पुढची तीस-बत्तीस वर्षे हा हात थांबला नाही. एमा शेत ओढीत होत्या, तंबाखूचे पीक काढीत होत्या, एकामागून एक अकरा बाळंतपणे सोशीत होत्या आणि मार खात होत्या. मार असह्य झाला की घरामागच्या रानात निघून जायचे, हा त्यांचा एकमेव उपाय होता. झाडांत बसून राहायचे, श्वास ताळ्यावर आला की घरी परतायचे. रानाची भीती ज्यांना वाटते त्यांच्या दृष्टीने घर हे आश्रयस्थान असते. या बाईंच्या बाबतीत ते नेमके उलटे होते. त्यांच्या सामानात तंबू का नव्हता, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे दिसते.

१९३९ मध्ये एका भांडणात त्यांनी नवऱ्याच्या अंगावर पिठाची पिशवी फेकली. पोलीस आले ते त्यांनाच अटक करायला. दात तुटलेले, बरगडीला तडा गेलेला, अशा अवस्थेत त्या कोठडीत होत्या. वेस्ट व्हर्जिनियातील त्या लहानशा गावच्या नगराध्यक्षांच्या नजरेस ही स्थिती पडली. त्यांनी एमांना स्वतःच्या घरी आसरा दिला आणि काम मिळवून द्यायला मदत केली. १९४१ साली त्यांना घटस्फोट मिळाला. त्या काळात, त्या ग्रामीण मुलखात, अकरा मुलांच्या आईने घटस्फोट मिळवणे ही कोणत्याही शिखराइतकीच अवघड गोष्ट होती. त्याविषयी त्या पुढे क्वचितच बोलल्या. वार्ताहरांनी विचारले तर आपण विधवा आहोत असे सांगून त्या विषय मिटवीत.

मुले मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली. मग नॅशनल जिऑग्राफिक मासिकाचा १९४९ सालचा एक जुना अंक त्यांच्या हाती आला. त्यात अॅपलेशियन वाटेवर सचित्र लेख होता. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही कल्पना १९३७ पर्यंत जमिनीवर उतरली होती. १९४८ मध्ये अर्ल शॅफर या तरुणाने सारी वाट एका दमात चालून दाखवली होती. त्या लेखात वाट कशी सुंदर, जागोजागी निवारे कसे बांधलेले, खुणा कशा ठळक, असे मोठे आकर्षक वर्णन होते. एमांना वाटले, हे तर आपल्याला सहज जमेल. मासिकातल्या देखण्या छायाचित्रांवर विसंबून वाटेला लागण्याची ही सवय आपल्याकडच्या भटक्यांनाही चांगलीच परिचयाची आहे.

१९५४ च्या जुलैत त्या मेनमध्ये कटाडिनपासून दक्षिणेकडे निघाल्या. ही वाटेची सर्वांत रानटी बाजू. मैलोन्मैल वस्ती नाही. तळी, दलदल, घनदाट जंगल आणि चावऱ्या माश्यांचे थवे. काही दिवसांतच त्या वाट चुकल्या. चष्मा फुटला, जवळचे खाणे संपत आले. वनरक्षकांनी त्यांना शोधून काढले आणि घरी परतण्याचा सल्ला दिला. सहासष्ट वर्षांच्या बाईला आणखी काय सांगणार? त्या परतल्या.

आणि पुढच्याच वर्षी पुन्हा निघाल्या. या वेळी सुरुवात दक्षिणेकडून. त्यात मोठे शहाणपण होते. मे महिन्यात जॉर्जियात वसंत असतो, वाट गावांच्या जवळून जाते, खाण्यापिण्याचे चुकले तर सावरता येते; अवघड मेन येईपर्यंत पाय आणि डोके दोन्ही तयार झालेले असतात. शिवाय ऋतूबरोबर उत्तरेकडे सरकत गेल्याने कडाक्याच्या थंडीसाठी अवजड कपडे पहिल्या दिवसापासून वाहावे लागत नाहीत. सामान कमी करण्याचा पहिला विचार पिशवीपाशी होत नाही, तो पंचांगापाशी होतो.

आता ती पिशवी. त्यात काय होते, याचा तपशील सुदैवाने टिकून राहिला आहे. डबाबंद सॉसेज, बेदाणे, शेंगदाणे, सुपाच्या वड्या, दुधाची भुकटी, पेपरमिंटच्या गोळ्या. जखमेवर लावायच्या पट्ट्यांची डबी, आयोडीन, व्हिक्स, केसांच्या पिना. घडीचा चाकू, विजेरी, पिण्याचे पाणी. एक गरम कोट, एक पांघरूण, पावसाळी कोट, सपाता. एक पेन आणि पंचवीस सेंटला घेतलेली टिपणवही. न्हाणीघरात लावतात तसला प्लास्टिकचा पडदा. आणि कुठे चारचौघांत नीटनेटके दिसावे लागलेच तर असावा म्हणून चौकड्यांचा एक सुती झगा.

तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, स्टोव्ह नाही. होकायंत्र नाही, नकाशाही नाही. सगळ्याचे वजन बहुतेक वेळा २० पौंडांच्या आत, कधी १७ पौंड म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास. चार-पाच दिवसांच्या मोहिमेला निघणारा सामान्य पदभ्रमणकर्ता आजही पंधरा किलोची सॅक सहज उचलतो, आणि स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे चालते असा ढोबळ नियम सांगितला जातो. आजींचे ओझे त्या नियमाच्या निम्म्यापेक्षा थोडेसेच जास्त होते.

ही यादी वरवर पाहता वेडगळ वाटते, पण प्रत्येक वस्तूला दोन-तीन कामे लावलेली दिसतात. तो न्हाणीघराचा पडदा पाऊस आला की अंगावर घ्यायचा, रात्री ओल्या जमिनीवर अंथरायचा आणि वारा सुटला की आडोशाला बांधायचा. सुपाच्या वड्या आणि दुधाची भुकटी यांत पाणी नसते. पाणी वाटेत मिळते, मग ते पाठीवरून कशाला वाहायचे? शेंगदाणे आणि बेदाणे शिजवावे लागत नाहीत, म्हणून भांडे नको, स्टोव्ह नको, इंधनही नको. अशी एक गोष्ट गळाली की तिच्यामागची दुसरी आपोआप गळते. वजनाची सगळी गंमत या साखळीत असते. मोठी सॅक घेतली की ती भरली जाते, भरली की जड होते, जड झाली की भक्कम बूट लागतात, जड बुटांनी आणि ओझ्याने चाल मंदावते, चाल मंदावली की जास्त दिवसांचे अन्न लागते आणि ते पुन्हा त्याच सॅकमध्ये जाते. आजींनी ही साखळी उलट्या दिशेने फिरवली. दिवसाकाठी सरासरी चौदा मैल, म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटर त्या चालल्या.

एका खांद्यावर पिशवी घेणे मात्र शास्त्राला धरून नव्हते. चांगल्या सॅकमध्ये कमरेचा पट्टा असतो तो भार खांद्यांवरून कमरेच्या हाडावर उतरवण्यासाठी. झोपायची पिशवी तळाशी, सर्वांत जड वस्तू पाठीला लगटून आणि खांद्यांच्या पात्यांच्या जवळपास, पावसाळी कोट सर्वांत वर, अशी भरणी करतात ती गुरुत्वमध्य शरीराजवळ राहावा आणि चढावर तोल मागे जाऊ नये म्हणून. आजी निघाल्या तेव्हा असे साहित्य अमेरिकेत मिळतच नव्हते असे नाही. डिक केल्टी यांनी कॅलिफोर्नियात १९५२ पासून अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका विकायला सुरुवात केली होती. पण सतरा पौंडांसाठी चौकटीची गरज पडत नाही. खांदा दुखला की पिशवी दुसऱ्या खांद्यावर, बसायचे झाले की खाली, डोके टेकायचे झाले की उशाला. पट्टे सोडण्या-बांधण्याचा खटाटोपच नाही.

बुटांचे गणितही असेच. घोट्यापर्यंतचे चामडी बूट त्यांनी नाकारले आणि साधे कॅनव्हासचे बूट पसंत केले. हलके, लवकर वाळणारे आणि वाटेतल्या कोणत्याही गावातल्या दुकानात मिळणारे. त्यांचे तळवे मात्र लवकर झिजत. सारी वाट संपेपर्यंत अनेक जोड निकामी झाले. रोजच्या चालीने पाऊल सुजून मोठे होते हेही त्यांना कळले आणि नवे बूट घेताना त्या मोठ्या मापाचे घेऊ लागल्या. आज लांब पल्ल्याचे पदभ्रमणकर्ते जड बूट सोडून हलक्या धावण्याच्या बुटांकडे वळले आहेत, त्यामागचा हिशेब हाच आहे.

तथापि, या साधेपणाचे नुसते गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पिशवीत जे नव्हते त्याची किंमत त्यांनी मोजली. थंडीच्या रात्री दगड शेकोटीत तापवून त्यावर अंग टाकावे लागे. पालापाचोळ्याची गादी, सहलीच्या जागेतले लाकडी बाक, कुणाच्या ओसरीवरचा झोपाळा, अशा ठिकाणी रात्री काढाव्या लागल्या. खाणे संपले की रानातली फळे आणि आंबट पाला यांवर भागवावे लागे. चालताना वजन चांगलेच घटले. त्यांच्या पिशवीतील सर्वांत मोठी न दिसणारी वस्तू म्हणजे अनोळखी माणसांचे दार. अनेक दारे उघडली, जेवण आणि बिछाना मिळाला. काही दारे तोंडावर लागली. एकट्या, मळकट कपड्यांतल्या म्हातारीला पाहून लोकांना संशय येई. तो चौकड्यांचा झगा त्यांनी बरोबर का घेतला असावा, याचा उलगडा इथे होतो. तो झगा वजनाच्या हिशेबात चैन वाटेल. वाटेवरून गावात उतरणाऱ्या बाईसाठी तो काठीइतकाच उपयोगी होता, असे मला वाटते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायेन ही दोन चक्रीवादळे आठवड्याभराच्या अंतराने आली. ईशान्य अमेरिकेत महापूर आले. डोंगरवाटा ओढ्यांसारख्या वाहू लागल्या. व्हर्माँटमध्ये एका फुगलेल्या प्रवाहाशी आजी अडकल्या. पलीकडे जायला पूल नव्हता. नौदलातले दोन तरुण त्या वाटेने आले. त्यांनी दोर बांधून, त्यांना दोघांच्या मध्ये घेऊन पलीकडे नेले. दोर आजींच्या यादीत नव्हता. असता तरी एकटीने त्याचा उपयोग काय झाला असता, हाही प्रश्नच आहे.

तोवर त्या एकट्या मात्र राहिल्या नव्हत्या, निदान वृत्तपत्रांच्या दृष्टीने. व्हर्जिनियात असताना वार्ताहरांना त्यांचा सुगावा लागला आणि मग गावोगावी त्यांची वाट पाहिली जाऊ लागली. मुलांना आई कुठे आहे ते कळले तेही याच सुमारास. ऑगस्टमध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या साप्ताहिकाने त्यांच्यावर लेख छापला. आजींनी मनात काही ठेवले नाही. पडलेली झाडे कोणी उचलत नाही, खुणा पुसल्या आहेत, निवारे जळालेले वा मोडलेले आहेत, त्या मासिकातल्या लेखाने आपली फसवणूक केली, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. ही तक्रार वाया गेली नाही. त्यांच्यामुळे या विस्मरणात चाललेल्या वाटेकडे लोकांचे लक्ष वळले, देखभालीचा प्रश्न चर्चेत आला. १९६८ मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्रीय पदमार्गांचा कायदा केला आणि अॅपलेशियन ट्रेलला संरक्षण मिळाले. याचे सारे श्रेय एका बाईला देणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्यात त्यांचा वाटा नाही असे कोणी म्हणत नाही.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, १४६ व्या दिवशी, सव्वापाच हजार फूट उंचीच्या कटाडिनच्या माथ्यावर त्या पोहोचल्या. एक वर्षापूर्वी ज्या डोंगरापासून निघून त्या हरवल्या होत्या तोच हा डोंगर. माथ्यावर उभे राहून त्यांनी देशावरचे एक गाणे म्हटले, नोंदवहीत नाव लिहिले आणि त्या उतरू लागल्या.

यानंतर घरी बसणे त्यांना जमले नाही. १९५७ मध्ये त्यांनी पुन्हा सारी वाट पार केली. दोनदा ती पूर्ण करणारी, स्त्री-पुरुष दोहोंत, पहिली व्यक्ती त्या ठरल्या. तिसरी फेरी त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी १९६४ पर्यंत पुरी केली. मधल्या काळात, १९५९ साली, ओरेगॉन राज्याच्या शताब्दीनिमित्त मिसूरीतील इंडिपेंडन्सपासून पोर्टलंडपर्यंतचे सुमारे दोन हजार मैल त्या ९५ दिवसांत चालल्या. हा मार्ग उघड्या माळरानाचा आणि डांबरी रस्त्याचा. झाडाची सावली नाही. म्हणून त्या वेळी सामानात एक छत्री आली. जागेप्रमाणे यादी बदलायची असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

१९९०च्या दशकात रे जार्डिन या अमेरिकी गिर्यारोहकाने हलक्या सामानाचा हिरिरीने पुरस्कार केला, घरी शिवलेल्या सॅका आणि तंबूऐवजी ताडपत्री यांचा आग्रह धरला आणि त्यातून एक पंथच उभा राहिला. अन्न, पाणी आणि इंधन वगळून सामान साडेचार किलोंच्या आत बसवणे ही या पंथाची कसोटी. त्यासाठी लोक आता टायटॅनियमचा चमचा आणि पिसांची पांघरुणे घेतात, दात घासायच्या ब्रशची दांडी कापतात आणि हजारो डॉलर मोजतात. पंथाची आद्य पुरस्कर्ती म्हणून नाव घेतले जाते ते मात्र न्हाणीघराचा पडदा गुंडाळून निघालेल्या बाईंचे. त्यांची यादी जशीच्या तशी उचलून कोणी आज डोंगरात जाऊ नये. उबेचे साधन आणि नकाशा यांत काटकसर करण्याजोगे काही नाही, आणि रानातला पाला ओळखणारे डोळे दुकानात मिळत नाहीत.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आपली शक्ती ओहायोतल्या वाटांसाठी खर्चली. सारे राज्य वळसा घालून जाणाऱ्या बकाय ट्रेलच्या संस्थापकांत त्या होत्या. खुणा रंगवायलाही त्या स्वतः जात. ४ जून १९७३ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ओहायोतच गॅलिपोलिस येथे त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये अॅपलेशियन ट्रेलच्या सन्माननीयांच्या यादीत त्यांचे नाव घालण्यात आले आणि २०१४ मध्ये बेन माँटगोमेरी या पत्रकाराचे चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे त्यांच्या संसारातली मारहाण जगापुढे आली.

ओहायोच्या हॉकिंग हिल्स उद्यानात ओल्ड मॅन्स केव्हपासून अॅश केव्हपर्यंत सहा मैलांची एक वाट आहे. गोठलेले धबधबे, वालुकाश्माचे कडे आणि हिमलॉकची झाडे यांच्यामधून ती जाते. म्हातारपणी दर जानेवारीत लोकांचा जथा घेऊन आजी डोक्यावर लाल टोपी घालून तिथे चालत. पुढे या वाटेला त्यांचे नाव देण्यात आले. आजही ऐन थंडीत तिथे हिवाळी पदयात्रा निघते, आणि हजारो माणसे त्या वाटेने जातात.